रंगाच्या गोदामातले चार दिवस

२०१३ सालच्या नोव्हेंबरात कराडहून बाळासाहेब नावाचे एक गॅरेजवाले गाड्यांच्या रंगकामाची हत्यारं घ्यायला टोकियोला आले, आणि चार दिवस त्यांच्याबरोबर राहायचं काम सुरुचीकडे आलं.

सुरुची टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या एका छोट्या व्यापारी कंपनीत दुभाषी होती. जपानी हत्यारं बाहेरच्या देशांत विकणारी कंपनी. भारतातून कोणी आलं की सुरुची-सानला बोलवायचं, हे ठरलेलं. वय अडतीस. राहायला एदोगावा भागात, हिगाशी-कसाईत, सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांत एकटी. कधीपासून एकटी, असं कोणी विचारलं तर ती 'भूकंपानंतर' म्हणायची, आणि जपानी माणूस पुढे काही विचारत नसे. मराठी माणसं विचारायची. म्हणून गणपतीला, दिवाळीला मंडळींत जाणं तिनं हळूहळू सोडलं होतं.

झालं होतं ते असं. २०११ च्या मार्चात भूकंप झाला तेव्हा तिचा नवरा जयप्रकाश एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करत होता आणि मुलगी नंदिनी सहा वर्षांची होती. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या येऊ लागल्या, पुण्याहून दिवसाला दहा फोन येऊ लागले, आणि पाचव्या दिवशी जयप्रकाशनं तीन तिकिटं काढली. सुरुचीच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस नव्हता, परदेशी गिऱ्हाइकं अडकून पडली होती. "तुम्ही व्हा पुढे, मी दोन आठवड्यांत येते," असं म्हणून तिनं दोघांना विमानतळाच्या बसमध्ये बसवून दिलं. नंदिनी खिडकीतून जपानीत काहीतरी म्हणाली. काच बंद होती, ऐकू आलं नाही.

दोन आठवडे झाले, दोन महिने झाले. जयप्रकाशला कंपनीनं पुण्यातच काम दिलं. नंदिनीला कोथरूडच्या शाळेत घातलं. या गोष्टीला आता अडीच वर्षं होऊन गेली होती, आणि सुरुची एकदाही गेली नव्हती. रजा होती, पैसे होते. दर रविवारी संगणकावर नंदिनी दिसायची. आधी ती जपानीत बोलायची, मग जपानी-मराठी मिसळून, आता तिला जपानी आठवतच नव्हतं. जयप्रकाश मागून चालत जायचा, कधी वाकून "बरी आहेस ना?" विचारायचा. भांडण असं कधी झालंच नाही. नातेवाइकांनी आपापसांत काय ते ठरवून टाकलं होतं: तिला नोकरी सोडवत नाही. सुरुचीनं ते खोडून काढलं नाही. सकाळी उठावं, जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा करून खाली ठेवावा, तोझाई लाइनची गाडी पकडावी, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे न्यावं, येताना कोंबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, भाताचा डबा आणावा. तिला दुःख होतं असंही नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि अर्धं तोंड आपलं राहत नाही, तसं सगळं झालं होतं.

काम मात्र ती चोख करायची. पुण्यात जपानी शिकताना बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, 'ते म्हणतात की' असं म्हणायचं नाही. बोलणाऱ्याचा मी तो आपला मी. जपानीत त्यात काही अडचण नाही, क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. मराठीत असतो. तेव्हा पुरुषाचं बोलणं सांगताना सुरुची सरळ 'गेलो', 'केलं', 'म्हणालो' म्हणायची. नव्या गिऱ्हाइकाला पहिली पाच मिनिटं हसू यायचं, मग ते विसरून जायचे. तीही विसरून जायची. इतक्या वर्षांत तिची त्यात कधी चूक झाली नव्हती.

बाळासाहेब पन्नाशी उलटलेले, ठेंगणे, रुंद खांद्यांचे. नवं कोरं जॅकेट, त्याची गळ्यापर्यंत ओढलेली चेन, आणि हातात शंभर पानी वही. महामार्गाला लागून त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं मोठं गॅरेज होतं. एका कार कंपनीच्या शोरूमचं काम मिळणार होतं, पण शोरूमवाल्यांची अट होती, रंगाची बंद खोली पाहिजे, हत्यारं चांगली पाहिजेत.

"ताई, आपल्याला एक नंबरची स्प्रे गन पायजे," पहिल्याच दिवशी स्टेशनवर ते म्हणाले. "बाकी लांबी, पॉलिशपेपर, थिनर, सगळं तिकडं मिळतंय. पण गन अशी पायजे की शोरूमवाल्यानं बघतच राहावं."

गोदाम एदोगावातच होतं, एका कालव्याच्या काठी. बाहेरून पत्र्याचं, साधं. आत फळ्यांवर डबे, नळ्या, मास्क, टेपच्या चळती, आणि काचेच्या कपाटात रांगेनं लटकवलेल्या स्प्रे गन. गिऱ्हाइकाला माल समजावून द्यायला तिथं ओनोदेरा-सान म्हणून एक गृहस्थ होते. साठीच्या पुढचे, बारीक, करड्या रंगाच्या कामाच्या कपड्यांत. कपड्यांवर रंगाचा एक ठिपका नव्हता. बाळासाहेबांनी ते लगेच हेरलं. "हा माणूस पेंटर न्हाई," ते हळूच सुरुचीला म्हणाले. हे तिनं जपानीत सांगितलं नाही, कारण ते तिच्यासाठी होतं.

बाळासाहेबांनी कपाटातल्या सगळ्यात महागड्या गनवर बोट ठेवलं. ओनोदेरांनी कपाट उघडलंच नाही.

"तुमचा कॉम्प्रेसर केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

"तीन हॉर्सपॉवर."

"त्याच्यावर अजून काय चालतं?"

"टायरची हवा. गाड्या धुवायचा पंप. एक-दोन पान्हे."

"पावसाळा किती महिने?"

"चार. कधी साडेचार."

"गन कोण धरणार?"

"लक्ष्मण," बाळासाहेब म्हणाले. "बावीस वर्षं हाय माझ्याकडं. डोळं झाकून रंग जुळवतो."

"उंची किती? कुठल्या हातानं मारतो?"

बाळासाहेब हसले. "लगीन जमवायलेत का काय? डावरा हाय. माझ्याएवढाच."

सुरुचीनं लग्नासकट सगळं जपानीत सांगितलं. ओनोदेरा हसले नाहीत. त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं: तीन हॉर्सपॉवर, चार महिने पाऊस, डावखुरा. आणि म्हणाले, "उद्या या. जुने कपडे घालून या."

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मागच्या खोलीत एका जुन्या गाडीचा दरवाजा स्टँडवर टांगलेला होता. प्रायमर मारून, घासून तयार. ओनोदेरांनी तीच महागडी गन आणली, रंग गाळून कपात ओतला आणि बाळासाहेबांच्या हातात दिली. बाळासाहेबांनी बाह्या सरसावल्या. स्वतः गन धरून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हात विसरला नव्हता. दोन हात मारून झाल्यावर ते मागे सरकले. दरवाजा पाण्यासारखा चमकत होता.

"बघा! लोण्यासारखी चालती."

ओनोदेरा भिंतीशी गेले आणि हवेची चावी थोडी फिरवली. मीटरचा काटा खाली आला. "आता पुन्हा मारा," ते म्हणाले. "ही कराडची हवा."

गन आधी बरी चालली. अर्ध्या दरवाज्यापर्यंत गेली आणि फुरफुरू लागली. रंगाचे थेंब जाड पडू लागले, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला. बाळासाहेबांनी हात जवळ नेला तर ओघळ आला.

"ही गन कमी दाबावर चालते, पण तिला हवा भरपूर लागते," ओनोदेरांचं बोलणं सुरुचीनं मराठीत सांगितलं. "मी तुम्हाला विकू शकतो. तुमच्या कॉम्प्रेसरवर ती दमेल, आणि शोरूमवाला तुमच्या पेंटरला शिव्या देईल. आधी कॉम्प्रेसर मोठा घ्या, तो तिकडेच घ्या, इथून न्यायची गोष्ट नाही. टायरच्या हवेला वेगळा ठेवा. मग हवेतलं पाणी काढायचा फिल्टर. चार महिने पाऊस म्हणजे नळीत पाणी येणारच. ते रंगात गेलं की महिन्याभरात फोड येतात. गन त्याच्या नंतर."

बाळासाहेबांनी वही काढून एक ओळ खोडली आणि तिच्याखाली दुसरी लिहिली.  संध्याकाळी ट्रेनमध्ये म्हणाले, "पेंटर हाय बरं का तो."

तिसऱ्या दिवशी ओनोदेरांनी काउंटरवर सगळ्यात आधी मास्क ठेवले. कोळशाच्या डब्यांचा अर्ध्या चेहऱ्याचा एक, आणि दुसरा पूर्ण चेहरा झाकणारा, ज्याला बाहेरून नळीनं ताजी हवा येते.

"मास्क ऱ्हाऊ द्या," बाळासाहेब म्हणाले. "आमचा लक्ष्मण रुमाल बांधतो. त्याला मास्क घातला की सुचत न्हाई."

सुरुचीनं सांगितलं.

ओनोदेरांनी रंग कडक व्हायला त्यात मिसळतात त्या हार्डनरचा एक छोटा डबा उचलून मास्कशेजारी ठेवला. "ह्याच्यात जे असतं ते नाकाला कळत नाही. थिनरचा वास येतो म्हणून आपल्याला वाटतं, वास गेला म्हणजे झालं. रुमालातून ते सरळ आत जातं. लक्ष्मण-सानचा श्वास कसा आहे?"

हे मराठीत ऐकल्यावर बाळासाहेबांनी वही उघडली, मिटली. जॅकेटची चेन खाली ओढली.

"घरी बसलाय," ते म्हणाले. "मागच्या दिवाळीपास्नं. दोन जिने चढला की दम लागतो. डॉक्टरनं रंग बंद सांगितलाय. कायमचा."

सुरुचीनं त्याच चालीत ते जपानीत सांगितलं. घरी बसलाय. दोन जिने. कायमचा.

"मग गन कोण धरणार?" ओनोदेरांनी विचारलं.

"दुसरा ठेवलाय. नवा हाय."

"तो डावखुरा आहे?"

"न्हाई."

ओनोदेरांनी खिशातून पहिल्या दिवशीचा कागद काढला आणि शेवटचा शब्द खोडला. ते रागावले नव्हते, निदान चेहऱ्यावर तरी तसं नव्हतं. पण बाळासाहेबांना ते खोडणं लागलं. त्यांचा चेहरा तापला. कुणी कोंडीत धरलं की काही माणसं उलट प्रश्न विचारतात, तसं त्यांनी केलं.

"विचारा त्यांना ताई. एवढं सगळं येतंय, तर स्वतःचं दुकान का न्हाई? या वयात दुसऱ्याच्या काउंटरवर का उभा हाय माणूस?"

असा प्रश्न तिथं कोणी विचारत नाही. दुभाष्याला अशा वेळी दोन-तीन पळवाटा असतात. 'तुम्हाला या कामाचा किती अनुभव आहे' असं गोड करून विचारता येतं. भूकंपाआधीची सुरुची तसंच करती. आता तिनं तो प्रश्न होता तसाच उचलून पलीकडे ठेवला.

ओनोदेरांनी मास्कचा पट्टा सरळ केला. आणि सांगू लागले. दोन-तीन वाक्यं झाली की तिच्यासाठी थांबायचे. अशी सवय असलेली माणसं थोडी असतात.

"दुकान होतं," सुरुची म्हणाली. "इशिनोमाकीत, बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. एकतीस वर्षं चालवलं. रंग मी मारायचो. पॉलिश आणि गिऱ्हाईक बायको बघायची."

बाळासाहेबांनी मान हलवली.

"त्या दिवशी एक पांढरी गाडी पोचवायला मी वर टेकडीवर गेलो होतो. गाडी दिली आणि जमीन हलायला लागली. थांबल्यावर बायकोचा फोन आला. म्हणाली, फळीवरचे डबे पडलेत, सगळीकडे रंग सांडलाय. मी म्हणालो, पुसून घे. थिनरजवळ काही पेटवू नकोस. मला तेव्हा रंगाचीच काळजी होती."

कुठेतरी मागे कोणीतरी टेप ओढून फाडला. ओनोदेरा पुढे बोलले. या वेळी त्यांनी तीन नाही, सात-आठ वाक्यं एकदम सांगितली आणि सुरुची ती डोक्यात एकापुढे एक लावत गेली.

"मग त्सुनामीचा भोंगा वाजला," ती म्हणाली. "फोन पुन्हा लागला नाही. टेकडीवरून दुकान गाडीनं सात मिनिटं. लोक मला सांगतात, वेळच नव्हता, तुम्ही गेला असता तर तुम्हीही राहिला नसता. पण अर्धा तास तरी होता. गिऱ्हाइकाला तात्पुरती दिलेली, परत न्यायची गाडी समोर उभी होती. किल्ली माझ्या हातात होती. मला कोणी अडवलं नाही. मी गेले नाही."

बाळासाहेबांनी मान वर केली.

आपण काय बोललो ते सुरुचीच्या कानांवर एक क्षण उशिरा पडलं. ओनोदेरांना मराठी येत नव्हतं. ते पुढच्या वाक्यासाठी नीट उभे होते.

"गेलो नाही," ती म्हणाली. "माफ करा, चूक झाली. मी गेलो नाही." आणि राहिलेलं शेवटचं वाक्य तिनं सांगून टाकलं. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. इथं कोणी विचारत नाही."

बाळासाहेब उठून उभे राहिले.  हात जोडावेत की त्यांच्यासारखं वाकावं, या घोळात त्यांनी दोन्ही अर्धंअर्धं केलं. ओनोदेरा वाकले. मग म्हणाले, "जेवायची वेळ झाली. दीड वाजता परत या."

गोदामासमोर कालव्याच्या कठड्याशी एक बाक होतं. बाळासाहेबांनी मशीनमधून कॉफीचे दोन गरम डबे काढले आणि एक तिच्या हातात दिला. डबा चटका बसेल इतका गरम होता. तिनं तो तसाच धरला.

"ताई, तुम्ही मघाशी काय म्हणालात?"

"चुकलं बोलण्यात."

"तीन दिवस एकदा बी चुकलं न्हाई," बाळासाहेब म्हणाले. "मला काय, मी परवा जातोय. सांगायचं असलं तर सांगा."

सुरुचीनं सांगितलं. आधी ते, जे सगळ्यांना माहीत होतं: बस, नंदिनी, दोन आठवडे. ते सांगून झाल्यावर थांबता आलं असतं.

"एप्रिलच्या नऊ तारखेचं तिकीट होतं माझं," ती म्हणाली. "ऑफिसनं रजा दिली होती. बॅग भरली, घराचा गॅस बंद केला, कसाई स्टेशनवर गेले. प्लॅटफॉर्मवर बाकावर बसले. पहिली गाडी आली, म्हटलं पुढची घेऊ. पुढचीही गेली. अकरा गाड्या गेल्या. मग घरी आले आणि फोन केला की ऑफिसनं थांबवून घेतलंय."

"का?"

"माहीत नाही."

"भ्या वाटलं?"

"नाही. काहीच वाटलं नाही. उठायला पाहिजे हे कळत होतं."

"नवऱ्याला माहीत हाय?"

"कोणालाच नाही. आत्ता तुम्हाला."

बाळासाहेबांनी कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. समोरच्या पाण्यावर एक बदक एकाच जागी पाय मारत होतं.

"मी रोज जातो लक्ष्मणकडं," ते म्हणाले. "गेलं की तो टीव्ही बंद करतो. मग आम्ही दोघं बसतो. त्याची बायको चहा ठेवती. मी काय बोलणार? रुमाल बांधून मार म्हणून मीच सांगितलंय बावीस वर्षं. तो बी काय म्हणत न्हाई. जाऊन बरं वाटतं असं न्हाई, ताई. यायला लागलो की जिन्यातच जरा बसतो." त्यांनी डबा खाली ठेवला. "पोरगी केवढी हाय आता?"

"पुढच्या महिन्यात नऊ पूर्ण होतील."

"मग तुम्ही गेलात तरी ती लगेच जवळ येणार न्हाई. ते धरूनच जावा."

एवढंच ते म्हणाले. जा असंही म्हणाले नाहीत, जाल तेव्हा असंही नाही. दीड वाजला होता.

त्या दुपारी आणि चौथ्या दिवशी यादी पक्की झाली. ओनोदेरांनी मधल्या किमतीची एक गन निवडली, रंगासाठी आणि वरच्या चकाकीच्या क्लिअर थरासाठी, बारीक तोंडाची. प्रायमरला दुसरी, साधी, मोठ्या तोंडाची. "प्रायमरची गन रंगाला वापरायची नाही, कितीही धुतली तरी नाही." हवेचे फिल्टर तीन, म्हणजे पावसाळ्यात बदलता येतील. रंगाचा फरक दाखवणारा उन्हासारख्या उजेडाचा दिवा. हातात बसणारे घासायचे ठोकळे, मऊ आणि कडक. कागदी टेप मात्र भरपूर, कारण तसा टेप तिकडे मिळत नाही आणि काढताना तो कडेचा रंग उचलत नाही. थिनर कुठला घ्यायचा ते त्यांनी महिन्यांप्रमाणे लिहून दिलं: उन्हाळ्यात सावकाश उडणारा, थंडीत लवकर उडणारा, आणि पावसाच्या दिवसांत घाई न करणारा माणूस.

"आणि नळीच्या हवेचे मास्क दोन," बाळासाहेब म्हणाले.

"पेंटर तर एकच आहे ना?" ओनोदेरांनी विचारलं.

"एक त्याला. एक मला. त्याला शिकवायला खोलीत मीच उभा ऱ्हाणार."

ओनोदेरांनी दोन मास्क काढले आणि बाळासाहेबांना तिथंच घालून बघायला लावलं. गालाशी हवा निसटते का ते बघायला त्यांनी मास्कच्या कडेनं बोट फिरवलं, पट्टा एक घर आवळला, पुन्हा बोट फिरवलं. बाळासाहेब काचेआडून काहीतरी बोलले. काय म्हणाले ते सुरुचीला कळलं नाही, आणि ओनोदेरांनीही तिच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी बाळासाहेब गेले. शनिवारी सुरुचीनं तिकीट काढलं. निर्णय वगैरे घेतला असं तिला वाटलं नाही. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या फोनवर तारखा बघितल्या आणि डिसेंबरच्या चौदाची निवडली. त्या दिवशी ती बॅग घेऊन कसाई स्टेशनवर गेली, तेव्हा बाकाकडे न बघता उभी राहिली आणि पहिल्याच गाडीत चढली. गाडीत गर्दी होती. बॅग दोन पायांच्या मधे धरून उभी असताना तिचा पट्टा बोटांत रुतलेला तिला दिसला, पण तो रुततोय हे आतून कळत नव्हतं.

पुण्यात जयप्रकाश न्यायला आला होता. केस पातळ झाले होते. त्यानं बॅग घेतली, प्रवास कसा झाला विचारलं. घरी नंदिनी दारात उभी होती, संगणकात दिसायची त्यापेक्षा पुष्कळ उंच. तिनं "हाय आई" म्हटलं, बाटलीतून पाणी ओतून आणून दिलं, आणि पाहुण्याला दाखवावी तशी आपली खोली दाखवली. मग विचारलं, "तू कधी जाणार आहेस?" त्यात काही खोच नव्हती. तिला फक्त तारीख हवी होती.

"चार जानेवारीला."

"ओके," नंदिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी शाळेत गेल्यावर जयप्रकाशनं दोन कप चहा केला आणि समोर बसला. तो शांत माणूस होता. अडीच वर्षं त्यानं विचारलं नव्हतं.

"तुला नोकरी सोडायची नव्हती, हे मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण एकदाही आली नाहीस. ते का?"

"ऑफिसनं मला थांबवलं नव्हतं," सुरुची म्हणाली. "एप्रिलमध्ये तिकीट होतं, रजा होती. मी स्टेशनवर बसून परत गेले. तुला खोटं सांगितलं. नंतर दर वेळी आधीचं खोटं कबूल करावं लागेल म्हणून आले नाही."

जयप्रकाशनं कप बाजूला सारला. "मला वाटायचं मी तुला सोडून पळून आलो, म्हणून तू रागावलीस," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत आलो की तुझी नोकरी. पण मला तसंच वाटायचं."

"मी रागावले नव्हते."

"रागावली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला. आणि त्याला रडू आलं. सुरुचीला आलं नाही. ती उठली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. हात खांद्यावर ठेवावा की नाही ते तिला कळेना. शेवटी ठेवला. त्यानं तो झटकला नाही, धरलाही नाही.

पुन्हा एकत्र राहण्याबद्दल दोघांपैकी कोणीच बोललं नाही. त्याची गरज नव्हती असं नाही, पण तेवढं अंतर आता दोघांनाही कापता येण्यासारखं राहिलं नव्हतं. जे जमण्यासारखं होतं ते त्यांनी ठरवलं. सुरुची जानेवारीत परत गेली, ऑफिसात बोलली, आणि पुढच्या जूनमध्ये हिगाशी-कसाईचं घर रिकामं करून आली. कंपनीनं पुण्यातूनच भाषांतराचं काम दिलं. तिनं कोथरूडलाच, जयप्रकाशच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. नंदिनी मंगळवारी आणि गुरुवारी शाळेतून तिच्याकडे यायची. पहिले काही महिने ती दप्तर दाराजवळच ठेवायची, आत आणत नसे. गृहपाठ करायची, खायची, सहा वाजले की बूट घालायची.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तिचा गणिताचा पेपर खराब गेला. आल्या आल्या तिनं दप्तर पलंगावर फेकलं, स्वतः पालथी पडली आणि हुंदके देऊन रडू लागली. मधेच डोकं वर करून ओरडली, "तू नुसती बघत काय उभी आहेस! काहीतरी म्हण ना!"

सुरुची जवळ जाऊन बसली.  "मला सुचत नाहीये," ती म्हणाली. "पण मी इथंच आहे."

"जा मग, काहीतरी खायला कर," नंदिनी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "पोहे नको. पोहे तुला येत नाहीत."

सुरुची उठून स्वयंपाकघरात गेली. रव्याचा डबा काढला, कांदा घेतला. कांदा चिरताना सुरी तर्जनीला लागली आणि ठसठसू लागलं. तिनं बोट नळाखाली धरलं. पाणी गार होतं, ते कळलं.